दिग्विजय कीं सेवा?

गेल्या जानेवारींत एका वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आला. विषय स्वामी विवेकानंदांच्या परदेशांतील कार्याचा होता. सकाळीं नवापासून दुपारीं दोनपर्यंत एकवीस मुलामुलींनीं भाषणें केलीं, आणि त्यांपैकीं एकोणीस भाषणें एकाच प्रसंगानें सुरू झालीं. तो प्रसंग कोणता हें वाचकांस सांगावयास नको. शिकागोच्या सभागृहांत स्वामींनीं श्रोत्यांस भगिनी आणि बंधु म्हणून हांक मारतांच टाळ्यांचा कडकडाट झाला याविषयीं सर्वांचें एकमत होतें. तो किती वेळ चालला याविषयीं मात्र मतभेद होता. कोणी दोन मिनिटें म्हणे, कोणी चार, आणि एका उत्साही विद्यार्थ्यानें तर तो दहा मिनिटांवर नेऊन पोंचविला.

निकालाची बेरीज चालू असतांना त्यांतल्या एका चुणचुणीत मुलास मीं जवळ बोलावून विचारलें, "बाळ, ११ सप्टेंबरला टाळ्या झाल्या हें कळलें. मग पुढें तीन वर्षें स्वामींनीं त्या देशांत केलें काय? राहिले कोठें, जेवले कोठें, कोणाला काय शिकविलें?" मुलगा गोंधळला. थोडा विचार करून म्हणाला, "सर, त्यांनीं जग जिंकलें."

मुलाला हंसण्याचा मला अधिकार नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वीं त्याच्याच वयाचा असतांना हेंच भाषण ठोकून मीं एक पितळी ढाल घरीं आणली होती, आणि ती आमच्या आईच्या कपाटावर अजून आहे. पुढें प्राध्यापक झाल्यावर अशींच भाषणें लिहून देण्याचें पापहि माझ्या हातून अनेकदां घडलें. तेव्हां पुढील मजकुरांत कोणावर आघात झालाच तर त्यांतला पहिला प्रस्तुत लेखकावर आहे असें समजावें.

दिग्विजय हा शब्द आपल्या चरित्रवाङ्मयांत नवा नाहीं. शंकराचार्यांच्या चरित्राला आपल्या पूर्वजांनीं शंकरदिग्विजय हेंच नांव दिलें. परंतु त्या चरित्रांत निदान समोर प्रतिपक्ष तरी आहे. मंडनमिश्र आहे, दोघांत वाद आहे, आणि हरणारानें जिंकणाराचें शिष्यत्व पत्करावें अशी उघड अट आहे. शिकागोस कोणी कोणास हरविलें नाहीं. एका जागतिक प्रदर्शनाला जोडून भरलेली ती सर्वधर्मपरिषद होती. तिच्यांत जैनांच्या वतीनें वीरचंद गांधी बोलले, सिंहलद्वीपाचे धर्मपाल बोलले, ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मुझुमदार बोलले, आणि मुंबईचे बी. बी. नगरकर हेहि बोलले. हें शेवटचें नांव त्या दिवशींच्या एकवीस मराठी मुलांपैकीं एकाच्याहि तोंडून निघालें नाहीं. मग ज्यांनीं टाळ्या वाजविल्या तेच पराभूत झाले म्हणावयाचें काय? दुसऱ्या दिवशीं ते श्रोते आपापल्या घरीं गेले, आणि रविवारीं आपापल्या देवळांत गेले. जग जिंकलें जाण्याची ही रीत मोठी विलक्षण आहे.

या कल्पनेचें आपल्याला इतकें वेड कां, याचें उत्तर अवघड नाहीं. जिंकलेल्या राष्ट्राला जिंकणाऱ्याच्या टाळीची भूक असते. १८९३ सालीं ती असणें स्वाभाविक होतें. साहेबाच्या कचेरींत दिवसभर मान खालीं घालून बसणाऱ्या आमच्या पणजोबांनीं, गोरे लोक एका भगव्या वस्त्रापुढें उठून उभे राहिले ही बातमी वाचून डोळ्यांतून पाणी काढलें असेल, तर तें पाणी खरें होतें. परंतु १९४७ नंतर पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटल्यावरहि आपण त्याच टाळ्या मोजीत बसावें, आणि आपल्या संन्याशाची योग्यता साहेबाच्या पावतीवरून ठरवावी, याला स्वाभिमान म्हणणें म्हणजे भाषेचा अपमान आहे. पिकतें तेथें विकत नाहीं ही म्हण आपण इतकी मनावर घेतली आहे कीं परदेशीं विकलें गेलें नाहीं तें पिकलेंच नाहीं असें आपल्यास वाटूं लागलें आहे.

आणि टाळ्यांनंतर काय झालें? परिषद आटोपल्यावर स्वामींनीं व्याख्यानें भरविणाऱ्या एका कंपनीशीं करार केला. कंपनी त्यांना गांवोगांव हिंडवी, व्याख्यानें करवी आणि मिळकतीचा मोठा वाटा आपण ठेवी. १८९४ सालीं पदरचें नुकसान सोसून त्यांनीं त्या करारांतून आपली सुटका करून घेतली. मग न्यूयॉर्कमधील भाड्याच्या साध्या खोल्यांत त्यांनीं फुकट वर्ग उघडले. खुर्च्या पुरत नसत, तेव्हां माणसें जमिनीवर बसत. १८९५ च्या उन्हाळ्यांत सेंट लॉरेन्स नदींतील एका बेटावर दहाबारा शिष्यांना घेऊन ते सात आठवडे राहिले. त्याच सालच्या हिवाळ्यांत राजयोगावर त्यांचे जे वर्ग झाले त्यांचें पुस्तक १८९६ सालीं निघालें, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला योग या शब्दाची जी ओळख झाली ती बव्हंशीं त्या पुस्तकानें झाली. या सगळ्या खटाटोपांत टाळ्या फारशा नव्हत्या. म्हणूनच कीं काय, आमच्या स्पर्धेंत त्याचा उल्लेख एकदांहि आला नाहीं.

दिग्विजयाच्या कल्पनेनें आणखी एक अनर्थ केला आहे. संन्यासी समुद्रापार गेला म्हणजे तो हिंदुस्थानचा वकील म्हणून गेला, आणि आपल्या पक्षकाराचे सर्व गुन्हे नाकारणें हें त्याचें कर्तव्य, असें आपण गृहीत धरतों. १८९५ सालीं ब्रुकलिन येथें विवेकानंदांचा पंडिता रमाबाईंच्या अमेरिकन साहाय्यकमंडळाशीं वाद झाला. शारदासदनाला मदत मिळावी म्हणून त्या मंडळींकडून हिंदु विधवांच्या दुःखाचीं वर्णनें होत. स्वामींनीं तीं अतिशयोक्त म्हणून नाकारलीं. स्वामींविषयीं पराकाष्ठेचा आदर असूनहि मला असें म्हणणें प्राप्त आहे कीं, ज्या मराठी घरांत पणजीच्या आलवणाची आठवण अजून बुजलेली नाहीं, त्या घराला या वादांत रमाबाईंची बाजू हंसून उडवितां येणार नाहीं. स्वामींच्या अंतःकरणालाहि ती उडवितां आली नसावी. कारण त्याच ब्रुकलिनमधील आपल्या एका व्याख्यानाचें उत्पन्न त्यांनीं बंगालमधील विधवांच्या शाळेला देऊन टाकलें. वकिलानें जें नाकारलें तें सेवकानें मुकाट्यानें भरून दिलें. आपल्या भाषणांतून वकील तेवढा उरला आहे.

आतां ज्या पुरुषासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळतों. विवेकानंदांचें नांव तरी मुलांना ठाऊक आहे. त्यांच्यामागून जे गेले, आणि जे तेथेंच झिजले, त्यांचें नांवहि ठाऊक नाहीं. कारण त्यांच्या वाट्याला शिकागो आलें नाहीं.

स्वामी त्रिगुणातीत यांचें पूर्वाश्रमींचें नांव सारदाप्रसन्न मित्र. जन्म १८६५ सालचा, बंगालच्या चोवीस परगण्यांतील एका सुखवस्तु जमीनदार कुळांत. मुलगा शाळेंत हुशार. पण एंट्रन्स परीक्षेच्या ऐन वेळीं त्याचें सोन्याचें घड्याळ हरवलें, त्याचें मन उडालें, आणि अपेक्षेप्रमाणें यश आलें नाहीं. ती उदासीनता पाहून त्याचे शिक्षक महेंद्रनाथ गुप्त त्याला १८८४ सालीं दक्षिणेश्वरास श्रीरामकृष्णांकडे घेऊन गेले. श्रीरामकृष्णांचे संवाद लिहून ठेवणारे ते हेच महेंद्रनाथ. परीक्षेनें खचलेल्या पोराला शिकवणीच्या दुसऱ्या वर्गांत न कोंबतां त्यांनीं भलत्याच ठिकाणीं नेलें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं दाराबाहेर लिहून ठेवण्याजोगी आहे. असो.

दक्षिणेश्वरीं एके दिवशीं श्रीरामकृष्णांनीं त्याला पाय धुण्यासाठीं पाणी आणावयास सांगितलें. घरीं पाणी आणून द्यावयास नोकर. चारचौघांच्या देखत दुसऱ्याच्या पायांसाठीं तांब्या उचलावयाचा म्हणजे त्या जमीनदारपुत्राला मेल्याहून मेल्यासारखें झालें. पण त्यानें तो उचलला. पुढच्या तीस वर्षांत त्यानें जें जें केलें तें सर्व मला त्या तांब्याच्याच जातीचें वाटतें.

१८८७ सालीं संन्यास. १८९५ सालीं कैलास-मानससरोवराची यात्रा. १८९७ सालीं दिनाजपूर जिल्ह्यांत दुष्काळ पडला तेव्हां तेथें जाऊन धान्यवाटपाचें काम. १८९९ च्या जानेवारींत 'उद्बोधन' हें बंगाली पाक्षिक निघालें त्याचे हेच संपादक, हेच व्यवस्थापक, आणि वेळप्रसंगीं खिळे जुळवावयासहि हेच. वर्गणीदारांसाठीं दारोदार हिंडावें, जुळारी आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी, आणि अंक मात्र ठरल्या तिथीला बाहेर काढावा, असा तो संसार होता. नियतकालिक चालविण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना, आणि या मासिकाच्या संपादकांना तर विशेषेंकरून, कैलासाचा चढ याहून सोपा वाटेल.

विवेकानंदांनीं १९०० सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें वेदान्ताची एक लहानशी संस्था स्थापन केली होती. तिचा भार वाहणारे स्वामी तुरीयानंद प्रकृति ढासळल्यामुळें १९०२ सालीं परतले. त्याच सालच्या ४ जुलैस खुद्द विवेकानंदांचा देह पडला. अशा पोरक्या झालेल्या संस्थेकडे त्रिगुणातीतांना पाठविण्यांत आलें. १९०३ च्या २ जानेवारीस ते त्या शहरीं पोंचले. बंदरावर ब्रासबँड नव्हता. वय सदतीस, आणि तेथून पुढें मरेपर्यंत त्यांनीं मायदेश पाहिला नाहीं.

काम काय? रविवारीं व्याख्यान, आठवड्यांत गीता आणि उपनिषदें यांचे वर्ग, आणि ज्याला हवें असेल त्याला ध्यानाचें शिक्षण. हें सांगावयास एक ओळ पुरते. करावयास बारा वर्षें लागलीं. १९०५ च्या २१ ऑगस्टला वेबस्टर आणि फिल्बर्ट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर मंदिराची कोनशिला बसली, आणि १९०६ च्या ७ जानेवारीस मंदिर उघडलें. त्यानंतर साडेतीन महिनेहि झाले नाहींत तों १८ एप्रिलचा भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि शहराचा मोठा भाग राख झाला. आग व्हॅन नेस रस्त्यापाशीं अडविण्यांत आली. मंदिर त्याच्या पश्चिमेस असल्यामुळें बचावलें. कोणी याला दैवी चमत्कार म्हणतील. मला त्याहून मोठें आश्चर्य याचें वाटतें कीं, जळून बसलेल्या शहरांत दोनच वर्षांत या मनुष्यानें त्या इमारतीवर आणखी एक मजला आणि वर शिखरें चढविलीं. एक शिखर बंगालच्या शिवालयाच्या वळणाचें, एक ताजमहालाची आठवण देणारें, आणि एक तर युरोपांतील जुन्या गढीच्या बुरुजासारखें! शिल्पशास्त्राच्या पंडितानें तें पाहून कानावर हात ठेवावे अशी ती खिचडी आहे, आणि मला स्वतःला ती छायाचित्रांत सुंदर वाटली असें म्हणवत नाहीं. पण बांधणाऱ्याच्या मनांत काय होतें तें लपत नाहीं. ज्याला दिग्विजय करावयाचा असतो तो दुसऱ्याचा बुरुज पाडतो. यानें तो आपल्या देवळावर आणून बसविला.

वरच्या मजल्यावर मठ होता. दहाएक अमेरिकन तरुण तेथें राहत. दिवसा ते शहरांत आपापल्या नोकरीवर जात. पहाटे आणि रात्रीं ध्यान, अभ्यास, झाडलोट, स्वयंपाक. स्त्रियांसाठीं निराळी व्यवस्था कांहीं काळ होती. १९०९ पासून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हें इंग्रजी मासिक निघूं लागलें. 'उद्बोधन'च्या वेळचा छापखान्याचा नाद समुद्र ओलांडूनहि सुटला नव्हता. दूर डोंगरांत शांति-आश्रम म्हणून १६० एकर रान तुरीयानंदांच्या वेळेपासून होतें. पाण्याचें तेथें दुर्भिक्ष; तरी स्वामी शिष्यांना घेऊन एकांतासाठीं तेथें जात. शरीर संधिवातानें आणि मूत्रपिंडाच्या विकारानें पोखरलेलें. तरी वर्ग चुकला नाहीं.

योग म्हणून त्या घरांत जें चाले तें आजच्या वाचकाला ओळखतांहि येणार नाहीं. २१ जूनला मैदानांत चटया अंथरून जें होतें त्याला माझा विरोध नाहीं. हातपाय हलविलेले बरेच, आणि आमच्या वयाच्या प्राध्यापकांनीं तर अवश्य हलवावे. परंतु १९१४ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांनीं नव्हे, एका आजारी संन्याशानें, शंभर वर्षें आधीं, कारखान्यांतून व कचेऱ्यांतून दमून आलेल्या दहा माणसांना पहाटे उठवून एका जागीं निश्चल बसावयास शिकविलें, आणि नंतर त्यांच्याच हातीं केरसुणी दिली, त्याला योग म्हणत. संयुक्त राष्ट्रांचा ठराव २०१४ च्या डिसेंबरांतला. आपण त्या ठरावाचा उत्सव करतों. केरसुणीचा कोणी करीत नाहीं.

आतां आक्षेपांकडे. इतिहास शिकविणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांना हा विषय काढला कीं राग येतो, आणि त्यांचा राग पोकळ नाहीं. ते म्हणतात, "तुमचे स्वामी ज्या शहरांत ध्यान शिकवीत होते, त्याच शहरांत १९०५ सालीं आशियाई लोकांना हाकलण्यासाठीं संघ स्थापन झाला. १९०७ च्या सप्टेंबरांत बेलिंगहॅम येथें लांकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या आपल्या शीख बांधवांना जमावानें घरांतून ओढून गांवाबाहेर घालविलें. १९१४ सालीं कोमागाटा मारू व्हँकूव्हरहून परत लावली गेली. त्याच सॅन फ्रॅन्सिस्कोंत १९१३ च्या नोव्हेंबरांत 'गदर' निघालें. गदर पक्षांत आमचे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते; तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेंतून परत आले, मीरतेस बाँबसह पकडले गेले, आणि १९१५ च्या १६ नोव्हेंबरला लाहोरास फांशीं गेले. अशा वेळीं गोऱ्यांना प्राणायाम शिकविणें ही सेवा कोणाची?"

या आक्षेपापुढें मी मान लववितों; झिडकारीत नाहीं. पिंगळ्यांच्या नांवापुढें दुसऱ्या कोणाचें नांव ठेवतांना मराठी माणसाची लेखणी क्षणभर अडखळली पाहिजे. परंतु माझे मित्र ज्या तराजूंत त्रिगुणातीतांना तोलतात तो तराजूहि दिग्विजयवाल्यांच्याच दुकानांतला आहे, एवढें मात्र त्यांच्या ध्यानांत आलेलें नाहीं. दोघांचाहि प्रश्न एकच: यानें परदेशीं जाऊन आपल्यासाठीं काय आणलें? एकाला त्यानें टाळ्या आणावयास हव्या होत्या, दुसऱ्याला बंदुका. संन्याशाच्या समोर जो मनुष्य येऊन बसला त्याचें कांहीं बरें झालें कीं नाहीं, हा प्रश्न दोघांनाहि सुचत नाहीं. वैद्य परगांवीं जाऊन बसला तर त्यानें आपल्या गांवच्या लोकांना रोग्यांकडून काय मिळवून दिलें असें आपण विचारतों काय? आणि हेंहि खरें कीं, ज्या शहरांत हिंदी मनुष्याला हाकलण्याच्या सभा भरत होत्या, त्याच शहराच्या हमरस्त्यावर हिंदु मंदिर या नांवाची पाटी लावून एक हिंदी मनुष्य बारा वर्षें दार उघडें ठेवून बसला. बंदूक उचलण्यास धैर्य लागतें. दार उघडें ठेवण्यासहि थोडें लागतें.

दुसरा आक्षेप सुधारकी वळणाचा, आणि मी स्वतः ज्या पंथांत वाढलों त्या पंथाचा. परदेशांतील या साऱ्या योगवर्गांत श्रीमंत, रिकामटेकड्या आणि मनानें दुबळ्या माणसांची गर्दी असते. अशांना डोळे मिटून बसावयास शिकविण्यांत पुरुषार्थ कोणता? पुढच्या काळांत परदेशीं गेलेल्या कित्येक बुवांनीं या आक्षेपाला भरपूर पुरावा दिला, हें कबूल केलें पाहिजे. त्यांच्या मोटारी, त्यांचे खटले आणि त्यांच्या शिष्यिणींच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आपण वाचीत आलों आहों. अशा बुवांना पाठीशीं घालण्यासाठीं हा लेख नाहीं. किंबहुना ज्यांनीं त्यांना येथें डोक्यावर घेतलें तेहि दिग्विजयाचेच भक्त होते. तिकडे गोरे शिष्य किती, यावरच त्यांनीं गुरूची परीक्षा केली. पण दुबळ्या मनाची माणसें आलीं हा गुरूवरचा ठपका कसा होतो? रुग्णालयांत रोगी फार असतात, अशी तक्रार मीं अद्याप ऐकलेली नाहीं. दार उघडें ठेवलें कीं कोण आंत येईल हें घरधन्याच्या हातीं राहत नाहीं. त्रिगुणातीतांच्या बाबतींत हें फार निराळ्या रीतीनें सिद्ध व्हावयाचें होतें.

१९१४ च्या २७ डिसेंबरला रविवार होता. मंदिरांत नेहमींचें प्रवचन चाललें होतें. पूर्वीं त्यांचा विद्यार्थी असलेला, आणि मनाचा तोल गेलेला एक तरुण आंत आला आणि त्यानें व्यासपीठाकडे बाँब फेंकला. तरुण जागच्या जागीं ठार झाला. स्वामींच्या पायांना भयंकर जखमा झाल्या. त्यांना रुग्णालयांत नेण्यांत आलें. तेथें असह्य वेदनांतहि त्यांनीं त्या तरुणाविषयीं कळवळ्यानें विचारपूस केली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. दोन आठवडे शरीरानें झुंज दिली. १९१५ च्या १० जानेवारीस ते गेले. वय पन्नाशीलाहि पोंचलें नव्हतें.

ही हकीकत मीं पहिल्यानें वाचली तेव्हां मी चाळिशी ओलांडलेला होतों. इतकीं वर्षें मला ती कोणी सांगितली कां नाहीं, याचा विचार करूं लागलों तेव्हां प्रथम वाटलें, अज्ञान. मग वाटलें, अज्ञान नव्हे, अडचण. दिग्विजयाच्या चरित्रांत या प्रसंगाला जागाच नाहीं. जेत्याला शत्रूनें मारलें तर तो हुतात्मा होतो, त्याची मिरवणूक निघते. परंतु याला मारणारा शत्रु नव्हता. तो गोरा होता म्हणून त्यानें मारलें नाहीं, ख्रिस्ती होता म्हणून मारलें नाहीं, हिंदु धर्माचा द्वेष्टा म्हणूनहि मारलें नाहीं. तो त्यांच्याच पायांशीं बसून गेलेला एक बिघडलेल्या डोक्याचा गरीब जीव होता. अशा मरणावर घोषणा देतां येत नाहीं. वर्गांत समोर बसलेल्या ज्या मुलाचें आपल्याला कांहींच करतां आलें नाहीं, त्याच्या तोंडाकडे ज्या शिक्षकानें कधीं पाहिलें असेल, त्याला मात्र हें मरण ओळखीचें वाटेल. मीं असें तोंड पाहिलें आहे. सुदैवानें माझ्यावर कोणी कांहीं फेंकलें नाहीं. तो मुलगा नुसता यावयाचा बंद झाला, आणि मीं हजेरीच्या पुस्तकांत त्याच्या नांवापुढें रेघ मारली.

१९१६ सालीं शिष्यांनीं स्वामींच्या अस्थि शांति-आश्रमांतील एका टेकडीवर नेऊन ठेवल्या. टेकडीला त्यांनीं सिद्धगिरि हें नांव दिलें. 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' त्याच सालीं बंद पडलें. संस्था मात्र चालू राहिली. १९५९ सालीं तिनें त्याच शहरांत दुसरें मंदिर बांधलें, आणि जुनें, तें चमत्कारिक शिखरांचें, अजून आपल्या कोपऱ्यावर उभें आहे.

स्पर्धेच्या चालकांना मीं पत्र लिहिलें कीं पुढच्या जानेवारींत विषय बदलावा. विवेकानंदच ठेवावयाचे असतील तर ११ सप्टेंबरच्या पुढचीं तीन वर्षें ठेवावीं, नाहीं तर एक वर्ष त्रिगुणातीतांवर मुलांना बोलूं द्यावें. चालक मोठे सज्जन आहेत. त्यांनीं आठ दिवसांत उत्तर पाठविलें. सूचना उत्तम आहे, परंतु विषय समितीनें आधींच मंजूर केला असून पत्रकें छापून झालीं आहेत, असें त्यांनीं कळविलें, आणि एक पत्रक सोबत जोडलें. विषय आहे 'विश्वविजयी विवेकानंद'. खालीं परीक्षक म्हणून माझें नांव आहे. तें वगळावें असें मीं उलट टपालानें कळविलें आहे.